ओठ न हलवता

माझी भाची सानू गणित तोंडाने करते. सतरा चोक अडुसष्ट हे आधी तिच्या ओठांवर येतं, मग कागदावर. पहिलीत होती तेव्हापासून असंच. तिची आजी म्हणायची, पोरगी जप करत अभ्यास करते. परदेशातल्या एमएससाठीची प्रवेश परीक्षा घरून, कॅमेऱ्याच्या नजरेखाली द्यायची ठरली तेव्हा ती आमच्याकडे सांगलीला राहायला आली, कारण इचलकरंजीत त्यांच्या भिंतीला लागूनच माग आहेत. त्या खटखटीतच ती लहानाची मोठी झाली, तिला त्याचं काही नाही. उलट रात्री माग बंद पडले की तिला जाग येते. पण लॅपटॉपच्या माइकला ती खटखट चालणार नव्हती. तर परीक्षेच्या आधी एका संध्याकाळी चहाला हाक मारायला म्हणून मी खोलीत डोकावले. ती स्क्रीनसमोर ताठ बसलेली, मान स्थिर, नजर समोर, एक गाल जरासा फुगलेला. खोलीभर लवंगेचा वास.

"काय गं, दाढ दुखतीय?"

तिने हातानेच थांब म्हणून सांगितलं, उत्तराचं बटण दाबलं आणि तोंडातली लवंग काढून दाखवली. "पुटपुटायची सवय मोडतीय, मावशी. ओठ हलले की लवंग दाताखाली येते, झोंबते. मग लक्षात येतं."

ओठ हलताना दिसले की ही कुणाशी तरी बोलतेय असा संशय घेतात, असं तिने आधी परीक्षा दिलेल्या मुलांकडून ऐकलं होतं. वर छताकडे बघायचं नाही, गालावर हात टेकायचा नाही, जांभई आली तरी तोंड झाकायचं नाही, अशीही यादी होती. त्यातलं खरं किती आणि पोरांनी एकमेकांना घाबरवण्यासाठी वाढवलेलं किती, कुणास ठाऊक. पण वीस हजारांच्या वर फी भरल्यावर ते तपासून बघायची हिंमत कोण करणार? मी हसले, चहा दिला. रात्री ओटा पुसताना मात्र ते लवंगेचं प्रकरण डोक्यातून जाईना. गणित पोरीला येतच होतं. ती सराव करत होती तो गणित करताना कसं दिसायचं याचा.

परीक्षेच्या दिवशीचा थाट तर लग्नघरासारखा होता. टेबल रिकामं, टेबलाखालचं रिकामं, भिंतीवरचं कालनिर्णय उतरवलेलं. कच्च्या कामाला कागद चालत नाही, पुसता येणारा छोटा पांढरा बोर्ड लागतो. तो मी गणपती पेठेतून लहान मुलांच्या खेळण्यांतला आणला, त्याच्या कडेला फुलपाखरं होती. केस मागे बांधून कान उघडे ठेवायचे. खोलीत दुसरं कुणी नको, दार बंद. मी दाराबाहेर खुर्ची टाकून बसले. आतून एका मुलाचा इंग्रजी बोलणारा आवाज येत होता, आपल्याकडचाच कुठला तरी. तो सभ्यपणे एकेक सांगत होता: लॅपटॉप उचला, चारी भिंती दाखवा, छत दाखवा, टेबलाखाली दाखवा, बाह्या वर करा. मग स्क्रीनच्या कडांना काही चिकटवलेलं नाही ना हे बघायला त्याने आरसा मागितला. हातात धरायचा आरसा आमच्या घरात एकच, सासूबाईंच्या फणेरपेटीतला. सानूने दार किलकिलं करून तो मागितला, मी आत हात घालून दिला. साठेक वर्षं ज्या आरशात फक्त कुंकू लावलं गेलं, त्यात आता लॅपटॉपची पाठपोट तपासणी चालली होती. सासूबाई असत्या तर त्या आवाजाला दोन शब्द नक्की सुनावले असते.

मग बाहेरची आघाडी माझ्याकडे. दाराची बेल काढून ठेवलेली. कुकर सकाळीच लावून झालेला. वरच्या जोशीकाकूंना मिक्सर लावू नका म्हणून सांगितलेलं. इन्व्हर्टर आदल्या दिवशी तपासलेला. आणि सगळं सुरळीत चाललंय असं वाटत असतानाच गल्लीच्या तोंडाशी लाउडस्पीकर: "भंगार, रद्दी, जुने टीव्ही, फ्रिज..." मी अनवाणी जिने उतरून धावले आणि त्या हातगाडीवाल्याला दहा रुपये देऊ केले. त्याने ते घेतले नाहीत, कर्णा बंद केला, विचारलं, "कुणी आजारी हाय का?" मी म्हटलं, परीक्षा आहे. "मग घरात कशी?" या प्रश्नाला तिथे उभ्या उभ्या मला उत्तर सुचलं नाही. तो मुकाट्याने पुढे गेला आणि पार पुढच्या चौकात गेल्यावरच त्याने पुन्हा कर्णा लावला.

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते, म्हणजे सुपरव्हिजन माझ्या पाचवीला पुजलेलं आहे. परीक्षेच्या हॉलमधलं बघणं मला आतून ठाऊक आहे. विद्यार्थी म्हणूनही आठवतं. दहावीला आमच्या वर्गावर एक दुसऱ्या शाळेतले सर होते, चालताना त्यांच्या चपलेचा एक अंगठा चटक्-चटक् वाजायचा. तो आवाज मागून जवळ आला की पोटात गोळा, पुढे सरकला की हुश्श. भरारी पथकाची जीप फाटकातून आत आली की सगळ्या शाळेला आधी कळायचं आणि कंपाउंडच्या भिंतीवर चढलेली कॉपी पुरवणारी मंडळी पटापट पलीकडे उड्या मारायची. दरारा होता, नाही म्हणत नाही. पण त्याच सरांनी माझ्या बाकाशी थांबून हळूच विचारलं होतं, "बैठक क्रमांक अक्षरी लिहिलास का?" मी लिहिला नव्हता. जो माणूस पकडू शकतो त्याच्याकडेच पुरवणी मागायची, पाणी मागायचं, पेन बंद पडलं तर त्याच्याच खिशातलं घ्यायचं. तो आपल्याकडे बघतो तसं आपणही त्याच्याकडे बघतो. तो पेपर वाचत बसलाय की आपल्यावर नजर ठेवून आहे, हे वर मान केली की कळतं. आणि पर्यवेक्षकालाही दोन तासांत वर्ग कळतो. छताकडे बघणारं पोर आठवत असतं. मांडीकडे बघणारं पोर बहुधा वाचत असतं. हा फरक मला कुणी शिकवला नाही, मी तो कुणाला नियम करून सांगूही शकणार नाही.

घरच्या परीक्षेवर नजर ठेवणाऱ्या यंत्राला मात्र नियम करूनच सांगावं लागतं. चेहरा चौकटीत आहे का, एकच आहे का, नजर किती वेळा बाजूला गेली, आवाज ठरावीक पातळीच्या वर गेला का. त्यात काही चुकलं की नावापुढे लाल खूण.

ही खूण मी दुसऱ्या बाजूनेही पाहिली आहे. 28 ऑगस्ट 2020ला सर्वोच्च न्यायालयाने अंतिम वर्षाच्या परीक्षेशिवाय पदवी नाही असं सांगितलं आणि ऑक्टोबरात राज्यभर घाईघाईने परीक्षा झाल्या, बहुतेकांच्या घरूनच. बहुपर्यायी प्रश्न, मोबाइलवर टिचकी. त्या परीक्षेवर नजर ठेवायला फारसं कुणी नव्हतं, आणि काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. उत्तरं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होती. वर्षभर नापास होणारी पोरं नव्वदच्या घरात गेली. तेव्हा माझ्याकडे तक्रार घेऊन आल्या त्या वर्गातल्या अभ्यासू मुली. "मॅडम, कुणीतरी बघायला पाहिजे होतं." पुढे 'कोविड बॅच' म्हणून जे टोमणे बसले ते त्यांनाही बसलेच, खऱ्या मार्कांसकट. त्यामुळे पुढच्या वर्षी कॅमेऱ्याची परीक्षा आली तेव्हा पोरांनी नुसता विरोध केला असं कुणी सांगितलं तर ते अर्धंच खरं आहे. काहींना बरंच वाटलं होतं.

तर ती परीक्षा. माझ्या स्क्रीनवर छोट्या छोट्या चौकटींत माझा वर्ग. कुणी गच्चीवर, कारण रेंज तिथेच. कुणी जत तालुक्यातल्या एका शेतात लिंबाखाली, तोंडावर उन्हाचे कवडसे हलताहेत आणि यंत्र दर थोड्या वेळाने म्हणतंय, चेहरा ओळखता येत नाही. एका मुलीच्या मागे तिची आई वाकून केर काढत गेली, आपण कॅमेऱ्यात येतोय हे कळताच तशीच वाकून मागे सरली. आणि एक मुलगा, अत्यंत सरळ, त्याच्या नावापुढे एकापाठोपाठ एक लाल खुणा: 'एकापेक्षा जास्त व्यक्ती'. मी चौकट मोठी करून पाहिली. मागच्या भिंतीवर त्याच्या आजोबांचा हार घातलेला फोटो होता. यंत्राला आजोबा दिसत होते. मी त्याला निरोप पाठवला, फोटो जरा खाली काढून ठेव. तो उठला तर 'उमेदवार जागेवर नाही' अशी आणखी एक खूण पडली. फोटो उतरला, भिंतीवर एक फिका चौकोन राहिला, आणि पोरगा परत येऊन बसला. नंतर फोनवर म्हणाला, "मॅडम, आज्जी बघत होती दारातून. तिला वाटलं काहीतरी वाईट झालं."

त्या दिवशी माझ्याकडे आलेल्या खुणांतल्या किती मी खरंच तपासल्या? सुरुवातीच्या नीट. नंतरच्या वरवर. शेवटच्या शेवटच्या तर 'ठीक' म्हणून सरसकट मिटवल्या. हे फक्त आमच्याकडचं नाही. अमेरिकेतल्या प्रॉक्टर-यू या कंपनीने मे 2021मध्ये नुसत्या यंत्राने नजर ठेवायची सेवा विकणं बंद केलं, तेव्हा स्वतःच सांगितलं की संशयित ठरवलेल्या परीक्षांपैकी सुमारे 11 टक्केच शिक्षणसंस्थांनी उघडून पाहिल्या होत्या. म्हणजे बाकीच्या खुणा तशाच पडून, पोराला माहीत नसताना. ऑक्टोबर 2020मध्ये कॅलिफोर्नियाची वकिलीची परीक्षा घरून झाली तेव्हा तीन हजारांहून जास्त उमेदवारांवर खूण पडली, साधारण तिघांमागे एकावर. पुढे त्यातले बहुतेक सुटले. पण सुटेपर्यंतचे आठवडे त्यांनी कसे काढले असतील?

वर्गात मी हे उदाहरण फळ्यावर मांडते, काल्पनिक आकडे घेऊन. हजार मुलं. त्यात खरोखर कॉपी करणारी पन्नास. यंत्र चांगलं हुशार, दहातल्या नऊ कॉपीवाल्यांना पकडतं, आणि प्रामाणिक मुलांमध्येही दहातल्या एकावरच चुकून बोट ठेवतं. ऐकायला छान वाटतं. आता मोजा: पकडलेले कॉपीवाले पंचेचाळीस, चुकून पकडलेले पंच्याण्णव. म्हणजे खूण पडलेल्या एकशे चाळीस जणांत दोन तृतीयांश निर्दोष. पोरांना हे गणित चटकन कळतं, बाकी संभाव्यतेच्या गणितांना कंटाळतात. कारण यातले पंच्याण्णव कोण हे त्यांना आपोआप कळतं.

माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात वर्षभर घरून परीक्षा देणाऱ्यांवर कॅमेऱ्यातून नजर ठेवायचं काम करायचा. रात्रपाळी, समोर अमेरिकेतली पोरं, एका वेळी बरीच. गावी आला की भेटायला येतो. त्याला मी विचारलं, काय दिसायचं रे? म्हणाला, खोल्या. "विस्कटलेल्या गाद्या, मांजरं, कपड्यांचे ढीग. एकीच्या मांडीवर बाळ होतं, ते रडायला लागलं. नियमाप्रमाणे लिहावं लागतं, खोलीत दुसरी व्यक्ती. लिहिलं." तो गप्प झाला. मग म्हणाला, "त्यांना वाटायचं आम्ही टक लावून बघतोय. पहाटे चारला आम्ही डोळे उघडे ठेवायलाच झगडत असायचो, मॅडम. आणि आमच्यावरही कॅमेरा होता." हे त्याने सहज सांगितलं. मला सानूच्या दाराबाहेर ऐकलेला तो सभ्य आवाज आठवला. त्याच्या डोक्यावरही कुणी होतंच असणार.

खोली दाखवण्यावरून अमेरिकेतल्या क्लीव्हलँड स्टेट विद्यापीठातला केमिस्ट्रीचा एक विद्यार्थी कोर्टात गेला होता. ते खोली दाखवणं जेमतेम मिनिटभराचं, पण टेबलावर त्याची खाजगी कागदपत्रं होती. ऑगस्ट 2022मध्ये न्यायाधीशांनी निकाल दिला की ही घराची झडतीच आहे आणि ती घटनेला धरून नाही. वाचून मला आनंद झाला आणि थोडं हसूही आलं. आपल्याकडेही सर्वोच्च न्यायालयाने 2017मध्ये खाजगीपणा हा मूलभूत हक्क म्हणून मान्य केला आहे, पण सानूच्या घरात दार लावलं की बाहेरून पहिला प्रश्न येतो, "दार का लावलंय?" तिला स्वतःची खोली कधी नव्हती. अभ्यास स्वयंपाकघरात, झोप बाहेरच्या खोलीत, कपडे आईच्या कपाटात. बंद दाराआड एकटं बसायची मुभा तिला आयुष्यात पहिल्यांदा मिळाली ती या परीक्षेच्या नियमामुळे, आणि त्या खोलीत शिरल्या शिरल्या चारी भिंती एका अनोळखी मुलाला दाखवाव्या लागल्या. तिला याचं काही वाटलं का, मी विचारलं. "भिंतींचं काय नाही गं. बाह्या वर करायला लावल्या ना, तेव्हा कसंतरीच झालं. मी काही केलेलंच नव्हतं अजून."

तिचा रंग सावळा आहे. आदल्या दिवशीच्या तपासणीत चेहरा ओळखायला यंत्राने त्रास दिला म्हणून टेबललॅम्प थेट तोंडावर लावून ती पूर्ण परीक्षा बसली. संपल्यावर बाहेर आली तेव्हा डोळे लाल, कपाळ घामाने डवरलेलं. अ‍ॅमस्टरडॅमच्या व्रिये विद्यापीठातल्या एका कृष्णवर्णीय विद्यार्थिनीनेही असाच दिवा तोंडावर धरून परीक्षा दिल्या होत्या. तिने तिथल्या मानवी हक्क संस्थेकडे दाद मागितली. संस्थेने डिसेंबर 2022मध्ये भेदभावाचा संशय ग्राह्य धरला. ऑक्टोबर 2023च्या अंतिम निर्णयात सॉफ्टवेअरने भेदभाव केल्याचं मानलं नाही, पण विद्यापीठाने तिची तक्रार नीट हाताळली नाही असा ठपका ठेवला. मला त्यातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. यंत्र चुकणारच, तक्रार घेऊन गेलेल्या पोरीशी माणसं कशी वागली, हे तरी माणसांच्या हातात होतं.

सानूला परीक्षेभर एकदाच निरोप आला, चेहरा चौकटीत ठेवा म्हणून. तो कुणी बघून पाठवला की आपोआप आला, ते तिला कळलं नाही. त्यानंतरचा पूर्ण विभाग तिने मान अवघडून सोडवला. स्कोअर चांगला आला, उगाच लपवत नाही. पण "कशी गेली?" या माझ्या प्रश्नाला तिने पेपरबद्दल चकार शब्द काढला नव्हता. "हलले नाही फार," एवढंच म्हणाली.

आता हे सगळं पुन्हा वर येण्याचं कारण आमच्या कॉलेजात निघालेला एक सर्टिफिकेट कोर्स. परीक्षा घरून, कॅमेऱ्यावर घ्यायची असा प्रस्ताव आहे. मीटिंगमध्ये मी म्हटलं, पुस्तक उघडं ठेवून देता येईल असा पेपर काढू, कॅमेऱ्याची गरजच पडणार नाही. यावर एक ज्येष्ठ सर म्हणाले, "तसा पेपर काढणार कोण, आणि तपासणार कोण?" हा मुद्दा खोडून काढण्यासारखा नव्हता. तसा पेपर काढायला आठवडा जातो, तपासायला महिना. कॅमेऱ्याची वर्गणी त्याहून स्वस्त पडते. मी निदान एवढं लिहून घ्यायला लावलं की खूण पडली तर मुलाला त्याच दिवशी कळवायचं, त्याचं म्हणणं ऐकायचं, आणि ते ऐकणाऱ्या माणसाचं नाव व फोन नंबर हॉल तिकिटावर छापायचा. नंबर कुणाचा छापायचा यावर शांतता पसरली. शेवटी माझाच छापायचं ठरलं.

मग मी मुलांनाच विचारायचं ठरवलं. वर्ग दुभंगला. शहरातली पोरं म्हणाली नको, घरात सारखं कुणी ना कुणी असतं, धाकटा भाऊ मुद्दाम येऊन वेडावतो. एक मुलगा म्हणाला, मला हॉलमध्ये चार लोक घाम पुसताना दिसले की धीर येतो. तेवढ्यात मागच्या बाकावरून आटपाडीकडची एक मुलगी उभी राहिली, एरवी कधी तोंड न उघडणारी. "मॅडम, मला चालेल कॅमेरा. बघू देत किती बघायचं ते. पेपरला यायला साडेपाचची एसटी गाठावी लागते, पावणेपाचला अंधारात स्टँडवर उभी असते मी. तिथं पण बघतातच की."

वर्गातल्या बाकीच्या मुली हसल्या नाहीत. मी वहीत तिचं मत 'होय'च्या रकान्यात लिहिलं, आणि पुढच्या मुलाला विचारलं.